पाहुण्या अजगराचे घर

हैदराबादहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. घरात कुत्रा नको, असे आईने बजावल्यावर त्यांनी आता साप आणण्याचा हट्ट धरला आहे. 'बॉल पायथन नावाचा लहानसा अजगर असतो म्हणे. भुंकत नाही, केस गळत नाहीत, आठवड्यातून एकदा जेवतो. माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी पडून आहे. ती त्याला चालेल की नाही, एवढेच कळवा,' असे त्या लिहितात. पत्रातला सूर पाहता उत्तर 'नाही' असे यावे, अशी त्यांची मनोमन इच्छा दिसते.

टाकीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. आपल्या देशातला कोणताही साप घरात पाळता येत नाही. धामण असो, दिवड असो, नाग असो की निरुपद्रवी मांडूळ, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सारे वन्यप्राणी आहेत आणि त्यांना पकडून पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे. गारुड्याची टोपली याच कायद्याने बंद झाली. मांडूळ घरात ठेवले की पैसा येतो, ही खुळचट समजूत अजून जिवंत आहे आणि तिच्यापायी माणसे तुरुंगाची हवा खाऊन आली आहेत. आपल्याकडे सापडणारा मोठा अजगरही अर्थातच याच रांगेत बसतो.

बॉल पायथन मात्र पाहुणा आहे. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे माहेर. परदेशी प्राणी असल्यामुळे तो पाळण्याला सरसकट बंदी नाही. पण तो 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या कायद्यात आली. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये निघाले. त्यानुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संगणकीय व्यवस्थेतून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे प्राण्याच्या उगमाचे कागद नसतील, तर तिथूनच मागे फिरावे. बँकॉककडून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कापडी पिशव्यांत बांधलेले बॉल पायथन मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर कस्टम्सने अनेकदा पकडले आहेत. 'स्वस्तात देतो, कागदाचे नंतर पाहू' म्हणणाऱ्याचा माल बहुधा त्याच वाटेने आलेला असतो.

कायद्याची बाजू चोख असेल, तर आता घराचा विचार करू. या प्राण्याचे घर निवडताना माणसे पहिली चूक करतात, ती म्हणजे पेटी आपल्या डोळ्यांनी निवडतात. दिवाणखान्यात शोभेल अशी, चारी बाजूंनी काच असलेली, आत दिवा लावलेली. बॉल पायथनचे रानातले आयुष्य आठवून पाहा. दिवसभर तो उंदरांच्या जुन्या बिळात किंवा वारुळाच्या पोकळीत अंग चोरून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतो. भ्याला की डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो. 'बॉल' हे नाव त्यावरूनच पडले. अशा लाजाळू जिवाला चहूबाजूंनी उघड्या काचेत ठेवणे म्हणजे माणसाला चौकात खाट टाकून झोपायला सांगण्यासारखे आहे. तो पेटीत हिंडत नाही, खात नाही, आणि घरचे म्हणतात, साप आजारी आहे.

जुन्या माशांच्या टाकीचा पहिला दोष हाच. दुसरा दोष झाकणाचा. या टाक्यांवर साधारणपणे तारेच्या जाळीचे झाकण बसवतात. ऊब आणि ओल दोन्ही वर जातात आणि जाळीतून निघून जातात. खालून कितीही गरम करा, वरून कितीही पाणी शिंपडा, तासाभरात आत खोलीतलेच हवामान. वरून झाकण ओढून घेतले तर श्वास कोंडतो. तिसरा दोष जरा सूक्ष्म आहे. टाकी वरून उघडते, म्हणजे आपला हातही वरूनच आत जातो. सापाच्या दृष्टीने वरून झेपावणारी वस्तू म्हणजे घार किंवा घुबड. रोज पाणी बदलताना बिचाऱ्याच्या पोटात गोळा येत असणार. त्यामुळे भगिनींनी ती टाकी पुन्हा माशांनाच द्यावी. समोरून उघडणारी पेटी हवी, हे पहिले सूत्र. मग ती कशाचीही असो.

कशाची असावी, यावर हौशी मंडळींत पुष्कळ वाद आहेत. आपल्याकडच्या हवेचा विचार केला तर उत्तर गावागणिक बदलते.

काचेची, पण समोर दारे असलेली तयार पेटी दिसायला सुरेख आणि धुवायला सोपी. तिच्या तीन बाजू आतून किंवा बाहेरून झाकून टाकल्या की सापाला आधार वाटतो. जड मात्र फार. चार फुटांची पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालाशी भांडण ठरलेले. काच उष्णताही धरून ठेवत नाही, म्हणून दिल्ली, चंडीगढकडच्या हिवाळ्यात ती त्रासदायक ठरते.

लाकडी पेटी ऊब उत्तम धरते आणि आपल्या गल्लीतला सुतारही ती करून देऊ शकतो. पण लाकूड आणि ओल यांचे हाडवैर आहे. साधा प्लाय वर्षभरात फुगतो, सांध्यांत घाण साठते आणि तिथेच सापाच्या अंगावरच्या बारीक गोचिडांना घर मिळते. मरीन प्लाय घ्यावा, आतून सनमायका लावून घ्यावा, आणि प्रत्येक सांधा सिलिकॉनने बंद करावा. हे सिलिकॉन बुरशीनाशक औषध न मिसळलेले, माशांच्या टाक्यांना वापरतात ते असावे. व्हार्निश किंवा डिंकाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी. देवदाराचे लाकूड किंवा त्याचा भुसा मात्र आत अजिबात नको. आपल्याला सुगंधी वाटणारी त्यातली तेले सापाच्या फुफ्फुसांना बाधतात. हाच न्याय डांबराच्या गोळ्यांना आणि फिनाइलला.

परदेशात अलीकडे पीव्हीसीच्या पेट्यांकडे कल आहे. हलकी, न कुजणारी, ओल आणि ऊब दोन्ही टिकवणारी. माझ्या मते कोरड्या हवेच्या गावांसाठी हीच सर्वांत चांगली. आपल्याकडे स्वयंपाकघरातली कपाटे पीव्हीसीच्या पत्र्यांत करून देणारे कारागीर आता बहुतेक शहरांत आहेत. त्यांच्याकडून माप देऊन करून घेता येते. फक्त पत्रा जाड घ्यावा आणि चिकटवलेल्या सांध्यांवर भिस्त न ठेवता स्क्रू मारून घ्यावेत.

राहिला प्लॅस्टिकचा डबा. झाकणाला भोके पाडलेला मोठा डबा, किंवा कपाटाच्या खणांसारखे रचलेले ड्रॉवर. सापांची पैदास करणारे लोक शेकडो अजगर असेच ठेवतात आणि 'त्याला अरुंद जागाच आवडते' असे सांगतात. हे अर्धसत्य आहे. लपायला त्याला अरुंद जागा लागते, राहायला नव्हे. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बॉल पायथन काही काळ ड्रॉवरमध्ये आणि काही काळ सजवलेल्या मोठ्या पेटीत ठेवून त्यांचे वागणे तपासले. मोठ्या पेटीत ते चढत होते, ऊब घेत होते, उकरत होते. ड्रॉवरमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींना वावच नव्हता. अगदी लहान पिल्लाला पहिले काही महिने डबा ठीक आहे, नव्याने आणलेल्या सापाला वेगळे ठेवून निरखण्यासाठीही ठीक आहे. जन्माचे घर म्हणून नाही.

आणि जन्म म्हणजे किती? वीस-तीस वर्षे हा प्राणी सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये एका माणसाने आणून दिलेली बॉल पायथनची मादी होती. २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, तिने सात अंडी घातली! गेल्या कित्येक वर्षांत तिची नराशी गाठही पडलेली नव्हती. चिरंजीवांना नोकरी लागेल, ते परगावी जातील, त्यांचे लग्न होईल. साप तिथेच असेल. पेटी निवडताना ती कोण सांभाळणार आहे, हेही तेव्हाच ठरवलेले बरे.

आकाराचा जुना ठोकताळा असा होता, की पेटीची लांबी-रुंदी मिळून सापाच्या लांबीइतकी झाली की पुरे. साप वेटोळे घालूनच बसतो, त्याला लांब व्हायला जागा कशाला, असा त्यामागचा हिशेब. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतले साप प्रत्यक्ष पाहून हा हिशेब खोडून काढला. जागा मिळाली की साप सरळ लांब होतात, आणि ती त्यांच्या शरीराची गरज आहे. पूर्ण वाढलेला बॉल पायथन तीन ते पाच फूट भरतो, मादी मोठी. म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही मी किमान पेटी समजतो, आणि मोठी मादी असेल तर पाच फुटांची. उंचीला नाके मुरडू नयेत. हा जमिनीवरचा साप असला तरी विशेषतः नर फांद्यांवरही चढतात. आत एक भक्कम, न हलणारी आडवी फांदी दिलीत, तर रात्री तो तिचा उपयोग करताना दिसेल.

लहान पिल्लू मोठ्या पेटीत घाबरते, हेही ऐकायला मिळते. घाबरते ते मोठ्या पेटीला नव्हे, रिकाम्या पेटीला. लपायला दोन ठिकाणे, मध्ये पालापाचोळा, काथ्या, खोडाचे तुकडे यांची दाटी असली म्हणजे पिल्लूही बिनधास्त राहते. या लपणांसाठी बाजारातल्या महागड्या नकली गुहा आणण्याची गरज नाही. आपला मातीचा माठ किंवा मोठे मडके आडवे ठेवावे आणि तोंडाच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची सर्पविषाची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. तिथे विष काढण्यासाठी आणलेले नाग-घोणस काही आठवडे मातीच्या मडक्यांतच ठेवतात, तोंडावर सुती कापड बांधून. मडके अंधारे, थंड आणि हवा खेळती ठेवणारे असते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. मडक्याचे तोंड मात्र इतके मोठे हवे, की जेवण झालेला जाडजूड सापही त्यातून अडकता बाहेर यावा.

आता ऊब. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. गरम जागेवर जाऊन घेतो, थंड जागेवर जाऊन टाकतो. म्हणून पेटीला एक गरम टोक आणि एक थंड टोक लागते. गरम टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २४ ते २७, आणि रात्रीसुद्धा २४ च्या खाली नको. दोन्ही टोकांना एकेक लपण द्यावे. एकाच टोकाला लपण असेल तर ऊब हवी की सुरक्षितता, यांत सापाला निवड करावी लागते, आणि तो सुरक्षितता निवडून आजारी पडतो.

उष्णतेसाठी गादी वापरा की छताला सिरॅमिकचा गोळा बसवा, तिला थर्मोस्टॅट हवाच. यात काटकसर करू नये. पोटाखाली भाजत असतानाही साप तिथून हलत नाही, असे अनुभव पशुवैद्यांकडे भरपूर आहेत. तेव्हा 'त्याला चटका बसला तर तो सरकेल' या भरवशावर राहू नका. गरम होणारे कृत्रिम दगड तर आणूच नयेत. छतातल्या गोळ्याभोवती जाळी हवी, नाहीतर साप त्यालाच विळखा घालतो.

हे सारे आकडे परदेशी पुस्तकांत थंड देश डोळ्यांसमोर ठेवून समजावलेले असतात. चेन्नई किंवा मुंबईत वर्षातले कितीतरी महिने खोलीच ३० अंशांची असते. तिथे प्रश्न गरम टोकाचा नसून थंड टोकाचा आहे. नागपूर, हैदराबादच्या मे महिन्यात तर बंद पेटीची भट्टी होते. आतले तापमान ३५ च्या पुढे चढू लागले की प्राण्याच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून पेटी घरातल्या सर्वांत थंड भिंतीला लावावी, आणि खिडकीतून तिच्यावर ऊन कधीही पडता कामा नये, अगदी कोवळेही. सगळ्या सोयी करूनही उन्हाळ्यात ती खोली थंड राहत नसेल आणि दिवसभर कूलर किंवा एसी चालवणे परवडणारे नसेल, तर साप आणू नये. उत्तरेकडे याच्या उलट. तिथे जानेवारीत वीज गेली तर पेटी घोंगडीने गुंडाळणे आणि गरम पाण्याची पिशवी टॉवेलात बांधून एका बाजूला ठेवणे, एवढी तयारी आधीच असावी. हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत.

ओलाव्याचे गणितही असेच. हवेत साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता असावी, कात टाकण्याच्या दिवसांत थोडी अधिक. हवा कोरडी असली की कात एकसंध निघत नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे पापुद्रे तसेच राहतात. ते नखांनी ओढू नयेत. गरम टोकाच्या मडक्यात थोडे ओले शेवाळ ठेवले की बहुतेक वेळा काम भागते. तळाला नारळाच्या सोडणाचा भुगा पसरावा, रेती नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मात्र पाणी शिंपडणे बंदच करावे. तिथे हवाच इतकी ओली असते, की बंद पेटीत तळ चिंब राहून पोटाच्या खवल्यांना जखमा होतात. अशा ठिकाणी पेटीच्या एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशी हवेची भोके असावीत.

कुलपाबद्दल मात्र मी कोणत्याही घराला सूट देत नाही. ज्या फटीतून सापाचे डोके जाते, तिच्यातून अख्खा साप जातो, आणि रात्रभर नाकाने दारे ढकलत बसण्याइतका वेळ त्याच्याकडे भरपूर असतो. सरकत्या काचांच्या दारांना दुकानांतल्या शोकेसला असते तसले दातेरी कुलूप बसवावे. काच-दुकानात ते सहज मिळते. थर्मोस्टॅटच्या वायरीसाठी पाडलेले भोकही बुजवावे. निसटलेला साप शेजारच्या बाथरूममध्ये निघाला तर तो विषारी आहे की नाही हे विचारायला कोणी थांबत नाही. पहिली काठी पडते. आणि तो मोकळ्यावर जगला तर ते वेगळेच संकट. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात पाळलेले ब्रह्मी अजगर दलदलीत शिरले. १९९२ च्या चक्रीवादळात एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाले, त्यातून सुटलेल्यांचीही त्यांत भर पडली असे मानतात. तिथले लहान सस्तन प्राणी त्यांनी पार विरळ करून टाकले आहेत.

एका पेटीत एकच साप. जोडी ठेवली म्हणजे एकमेकांना सोबत होईल, ही आपल्या मनातली माया आहे; साप सोबत शोधत नाहीत, गरम जागेसाठी मुकाट्याने स्पर्धा करतात.

घरात पेटी कुठे ठेवायची, हे गृहिणींनी ठरवावे असे मी म्हणेन, कारण त्यात आरोग्याचा भाग आहे. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात आणि साप ठणठणीत असला तरी असतात. म्हणून पेटी स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलाजवळ नको, तिचे पाण्याचे भांडे ओट्यावरच्या सिंकमध्ये धुवायचे नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. घरात पाच वर्षांखालचे मूल, थकलेले आजी-आजोबा किंवा दीर्घ आजाराचे कोणी असेल, तर मी साप आणण्याच्या विरोधात आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोठे स्पीकर यांच्याशेजारीही पेटी नको. साप जमिनीतून येणारी थरथर अंगाने ऐकतो. देवघराजवळ धूप-उदबत्तीचा धूर साचतो, तीही जागा टाळावी. घरात कीटकनाशक फवारायचे असेल त्या दिवशी सापाला दुसऱ्या घरी पाठवावे.

एका गोष्टीचा उल्लेख पत्रात नाही, म्हणून मीच काढतो. हा प्राणी उंदीर खातो. जिवंत उंदीर पेटीत सोडला तर न भुकेल्या सापाला तोच कुरतडतो, त्यामुळे जाणकार गोठवलेले उंदीर आणून, वितळवून, चिमट्याने देतात. ते गोठवलेले उंदीर ठेवायचे कुठे? शाकाहारी घरात, जिथे फ्रीजमध्ये अंडेदेखील चालत नाही, तिथे या एका प्रश्नावर अनेक पेट्यांचे बेत मोडले आहेत. वेगळा छोटा फ्रीझर घेणार असाल तरच पुढे जावे.

पेटी बरोबर जमली आहे की नाही, हे साप सांगतो. नाक काचेवर घासून घासून सोलले असेल तर त्याला लपायला जागा नाही किंवा उष्णता चुकली आहे. दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर आत उकडते आहे, किंवा अंगावर गोचिडे आहेत. तोंड उघडून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे दिसणे ही फुफ्फुसाच्या विकाराची लक्षणे. तेव्हा घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच असतात, म्हणून त्यांचा पत्ता साप येण्याआधी शोधून ठेवायचा. थंडीत बॉल पायथन कित्येक आठवडे जेवायला नकार देतो, हे मात्र नेहमीचे आहे. वजन टिकून असेल तर घाबरू नये.

चिरंजीवांना माझी एवढीच अट कळवावी. पेटी तयार झाली की आत मडकी, फांदी, भुगा, पाण्याचे भांडे सारे मांडून ती पंधरा दिवस रिकामी चालवायची. दोन्ही टोकांना एकेक तापमापक आणि मध्ये आर्द्रता मोजणारे यंत्र लावून सकाळी, भर दुपारी आणि रात्री झोपण्यापूर्वी तिन्ही आकडे वहीत लिहायचे, परीक्षा असली तरी. हैदराबादेत ही चाचणी एप्रिल-मेमध्येच घ्यावी. वहीतले आकडे जागेवर राहिले, की मग विक्रेत्याकडे कागद मागायला जावे.